औषधी वनस्पतींची पाहणी: नावांच्या यादीपलीकडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांतल्या (गावच्या हद्दीतल्या जीवसृष्टीची आणि तिच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या वह्यांतल्या) औषधी वनस्पतींच्या पानांविषयी हे पत्र आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांना सोबत घेऊन नोंदवही करायची, ही तरतूद त्या कायद्यातून आली. वर्षानुवर्षे हे काम रेंगाळले. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असे राज्यांना बजावले. मग वह्या भराभर तयार झाल्या. आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक वह्यांत कोकणातल्या आणि विदर्भातल्या गावांची यादी जवळपास एकच आहे: आवळा, हिरडा, बेहडा, अडुळसा, गुळवेल, तुळस, कोरफड. गावाच्या हद्दीत ही झाडे किती, कुठल्या भागात, लहान रोपे उगवताहेत का, वर्षाला किती माल निघतो, यातले काहीही त्यात नाही. अशा वहीच्या आधारावर ग्रामसभेला ‘यंदा झाडांची साल काढू नका’ म्हणता येत नाही आणि व्यापाऱ्याशी भावही ठरवता येत नाही. वह्या अद्ययावत करायच्याच आहेत, तर पाहणी कशी व्हावी हे तपशिलात सांगायला हवे.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा म्हणून पाहणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकली जाते. सह्याद्रीत त्या दिवसांत सफेद मुसळी, काळी मुसळी, कळलावी, रानहळद, शेवळा हे सगळे जमिनीखाली कंदरूपात असते. वर काडीही दिसत नाही. सफेद मुसळीची जी जाती आज औषधबाजारात सर्वाधिक मागितली जाते, तिचे शास्त्रीय वर्णन १९५५ साली मुंबईतल्या बोरिवलीच्या जंगलातून झाले. पण फेब्रुवारीत तिथे गेलेल्याला तिचे एक पानही सापडणार नाही. उलट बऱ्याच वृक्षांची फुले फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, त्यामुळे केवळ पावसाळी पाहणीतही झाडांची ओळख अर्धवट राहते. कमीत कमी तीन फेऱ्या हव्यात. जुलै-ऑगस्टची फेरी कंदवर्गीय आणि पावसाळी वनस्पतींसाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबरची वेली, गवते आणि फळांसाठी, फेब्रुवारी-एप्रिलची वृक्षांच्या मोहोरासाठी. हे पैसे दोन आर्थिक वर्षांत विभागून मिळाले तरच जमते, आणि ही अडचण सोडवणे पूर्णपणे प्रशासनाच्या हातात आहे.

आता जागा कुठल्या निवडायच्या. गावाच्या नकाशावर आधी जंगलाचे प्रकार वेगळे करावेत: सडा (कातळी पठार), डोंगरउतार, ओढ्याकाठ, देवराई, पडीक वरकस जमीन, शेताचे बांध. औषधी म्हणून रोज वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी निर्गुडी, अडुळसा, गुळवेल, टाकळा, मंडूकपर्णी या उंच झाडीत कमी आणि बांधावर, कुंपणावर, ओलसर पडीक जागी जास्त भेटतात. म्हणून केवळ घनदाट जंगल मोजले तर बायाबापड्यांची रोजची औषधे यादीतून सुटतात. प्रत्येक प्रकारावर चौकटींची जाळी आखावी, चौकटींना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून जागा काढाव्यात. चिठ्ठीत आलेली जागा अवघड असली तरी तिथेच जायचे. तसे केले नाही तर पाय आपोआप रस्त्याकडे वळतात आणि वहीत घाणेरी, रानमोडी यांचेच राज्य दिसते.

निवडलेल्या जागी २० मीटर × २० मीटरचा चौरस आखावा. तो ४०० चौरस मीटरचा होतो. असे २५ चौरस म्हणजे १ हेक्टर. या चौरसात झाडे आणि जाड वेली मोजायच्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ५ × ५ मीटरचे दोन छोटे चौरस झुडपांसाठी आणि रोपांसाठी, तर चार कोपरे आणि मध्य असे १ × १ मीटरचे पाच चौरस जमिनीलगतच्या वनस्पतींसाठी. उतारावर फीत जमिनीला चिकटवून धरली की क्षेत्र चुकते. ३० अंशांच्या उतारावर २० मीटरचे आडवे अंतर मिळायला उताराच्या दिशेने २३.१ मीटर फीत सोडावी लागते. ती २० मीटरवरच थांबवली, तर चौरस नकाशावर ४०० ऐवजी ३४६ चौरस मीटरच भरतो आणि हेक्टरी झाडांचा आकडा सुमारे १३ टक्के कमी येतो. घाटमाथ्यावरच्या आकडेवारीत ही गफलत वारंवार दिसते. उतार मोजायला साधे कोनमापक आणि ओळंबा पुरतो.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे छातीच्या उंचीवर, उतारावर असल्यास चढाच्या बाजूने मोजावा. व्यास १० सेंटिमीटर म्हणजे घेर ३१.४ सेंटिमीटर, त्याहून जाड ते झाड, बारीक ते रोप किंवा पोरसवदा. बुंध्याशी भिंतीसारखी आधारमुळे असतील तर त्यांच्या वर, जिथे खोड गोल होते तिथे फीत लावावी. खोड छातीच्या उंचीखाली फुटले असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजावा, पण झाड एकच लिहावे. घेराचा आकडा व्यासाच्या रकान्यात गेला की खोडाचे क्षेत्रफळ जवळजवळ दहापट फुगते. म्हणून तक्त्यात एकच रकाना ठेवावा, घेराचा. पाच जणांचा गट असावा: दोघे फितीला, एक लिहायला, एक ओळख पटवायला आणि एक गावातला जाणकार. या जाणकाराला त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळालीच पाहिजे. पाहणीतले अर्धे ज्ञान त्याचे असते.

चौरसांची एक मर्यादा समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी दुर्मिळ वनस्पती कागदावरून नाहीशा होतात. एखादे झाड सरासरी १० हेक्टरांत एकच आणि विखुरलेले असेल, तर १ हेक्टर इतक्या नमुन्यात ते एकदाही न सापडण्याची शक्यता ९० टक्के आहे. नमुना १० हेक्टरांवर नेला तरी ती ३७ टक्के उरते. नरक्या, सप्तरंगी, सीता अशोक, सर्पगंधा यांची स्थिती बहुतेक ठिकाणी अशीच आहे, शिवाय ती झुबक्याझुबक्यांनी असतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लागते. ५०० मीटर लांब आणि दोन्ही बाजूंना १० मीटर, असा १ हेक्टरचा पट्टा चालत पाहायचा, आणि त्याआधी ज्यांना या झाडांची ठिकाणे माहीत आहेत अशा गुराखी, मध काढणारे, वैदू, हिरडा वेचणाऱ्या बाया यांना विचारून थेट त्या ठिकाणी जायचे. चौरसात सापडले नाही म्हणून ‘आढळत नाही’ असे लिहू नये. ‘चौरसात नाही, पट्ट्यात नाही, गावकऱ्यांच्या माहितीप्रमाणे अमुक भागात आहे’, असे तिन्ही वेगळे लिहावे.

याच संदर्भात एक दूरचे उदाहरण. पेरूमध्ये मिशाना इथल्या १ हेक्टर पर्जन्यवनाची मोजणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. १० सेंटिमीटरहून जाड ८४२ झाडे, २७५ जाती आणि त्यांपैकी ७२ जातींचे उत्पन्न जवळच्या इकितोस शहराच्या बाजारात विकले जाणारे. उभ्या जंगलाची किंमत तोडलेल्या लाकडापेक्षा जास्त ठरू शकते, हे त्यातून जगभर पोहोचले आणि ते मोलाचेच काम होते. मात्र त्या एका हेक्टरचा आकडा सगळ्या अमेझॉनला लावणारेही निघाले. बाजाराजवळचा एक हेक्टर आणि चार दिवसांच्या वाटेवरचा एक हेक्टर यांत फरक आहे. आपल्याकडेही एका देवराईचा आकडा अख्ख्या तालुक्याला लावला जाताना दिसतो, तो लावू नये.

ओळखीबाबत आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. औषधी वनस्पतीत ओळख चुकली तर परिणाम थेट माणसाच्या शरीरावर होतो. महाराष्ट्रात बऱ्याच भागांत ‘ब्राह्मी’ म्हणून दाखवतात ती बांधावर पसरणारी, गोलसर, कातरलेल्या कडेच्या पानांची मंडूकपर्णी. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून आयुर्वेदात मान्य असलेली बाकोपा ही लहान, मांसल, समोरासमोर पानांची, पाणथळ जागची वेगळी वनस्पती आहे. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली विष्णुक्रांता, गोकर्ण आणि इतरही वनस्पती येतात. कुड्याचे पाहा. पांढरा कुडा, म्हणजे होलारेना, याची साल अतिसारावर वापरतात आणि त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया, याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात आणि त्याची साल पांढऱ्या कुड्याच्या सालीत मिसळली जाते. दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींना पांढरी फुले, दोन्हींना जोडशेंगा. फरक असा: काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या, आणि काळ्याच्या फुलाच्या कंठाशी झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्याच्या नसतात. फूल-फळ नसताना नुसत्या पानावरून ‘कुडा’ लिहिलेली नोंद दोघांपैकी कोणाचीही असू शकते. ‘अशोक’ लिहिताना शाळेच्या कुंपणाला लावलेला उंच, खोटा अशोक मोजला जातो, आणि ज्याची साल औषधाची आहे तो लाल-केशरी घोसांचा सीता अशोक गावात एकही नसतो. गुळवेलीच्या बाबतीत तर कोरोनाच्या काळात यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर, दुसरी जाती मिसळली गेली का, याची चर्चा देशभर झाली. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर ठळक गाठी असतात. पानाच्या खालच्या बाजूला लव असलेली आणखी एक जातीही आपल्या जंगलांत आहे.

यावर उपाय एकच: प्रत्येक नोंदीमागे सुकवलेला नमुना. मोबाइलवरचा फोटो मदतीला घ्यावा, पण त्यात चिकाचा रंग, वास, फुलाच्या आतली रचना येत नाही, आणि फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप आपल्याकडच्या जवळजवळच्या जातींत सर्रास चुकतात. नमुना घ्यायचा तो फूल किंवा फळ असलेल्या फांदीचा, वीत-दीड वीत लांब, तीन प्रतींत. लहान वनस्पती मुळासकट घ्यावी, पण त्या ठिकाणी २० रोपेही नसतील तर उपटू नये, एक फांदी आणि फोटो पुरे. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरावी, एक पान उलटे ठेवावे म्हणजे खालची बाजू दिसते. जुन्या वर्तमानपत्रांचा कागद यासाठी उत्तम; गुळगुळीत मासिकांचा कागद ओल शोषत नाही. घड्या फळ्यांमध्ये दाबून पट्ट्याने आवळाव्यात आणि पहिला आठवडा रोज कागद बदलावा. पावसाळ्यात नमुने कुजतात ते इथेच, कारण दोन दिवस कागद बदलला नाही की बुरशी येते आणि पाने गळतात. जिथे वाळवणे शक्यच नाही तिथे घड्यांचा गठ्ठा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पिरिटने भिजवावा आणि तोंड घट्ट बांधावे. काही आठवडे नमुना टिकतो, मग खाली येऊन वाळवता येतो. रंग मात्र जातो, म्हणून फुलाचा रंग जागेवरच लिहावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई फुटते.

वाळलेला नमुना साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर लावून त्यावर क्रमांक, ठिकाण, उंची, तारीख, स्थानिक नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. किडीसाठी पूर्वी पाऱ्याचे क्षार वापरत. ते विषारी आहेत, कोणीही घरी किंवा कॉलेजात वापरू नयेत. डीप फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवणे हा आता रुळलेला मार्ग आहे. एक प्रत जवळच्या कॉलेजात, एक गावासाठी आणि एक नामांकित वनस्पतिसंग्रहालयात जावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचा ब्लॅटर संग्रह, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ: इतकी चांगली सोय देशात फार थोड्या राज्यांना आहे. नमुना गोळा करायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, अभयारण्यात ती वेगळी घ्यावी लागते, आणि देवराईत गावाच्या संमतीशिवाय पानही तोडू नये.

आता वापराची माहिती. एका खोलीत दहा जणांना बसवून विचारले की सर्वांत मोठ्या आवाजाचे उत्तर लिहिले जाते, आणि बायका बहुधा गप्प राहतात. एकेका जाणकारासोबत जंगलात चालत, झाड समोर असताना विचारावे. कुठला भाग, कुठल्या महिन्यात, कोण काढते, दिवसाला किती किलो ओले, वाळून किती राहते, कुठल्या बाजारात जाते. नाव त्या माणसाच्या बोलीत, जसे ऐकले तसे लिहावे: कातकरी, ठाकर, वारली, कोरकू, माडिया, प्रत्येकाचे वेगळे. वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांच्या अपरोक्ष सांगितलेला उपयोग जुळला तर त्या नोंदीला वजन येते.

सांगणाऱ्याचे नाव मात्र वहीत हवे, त्याची इच्छा असेल तर ठळकपणे. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ छापला (१६७८ ते १६९३), त्यात इट्टी अच्युदन या वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे, माहिती दिल्याबद्दलचे प्रमाणपत्र छापले आहे. कोकणी वैद्यांचे नागरी लिपीत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे झाले ते आज आपल्या छापील तक्त्यात रकाना नाही म्हणून होत नाही, हे योग्य नव्हे.

नाव हवे तसा हक्कही हवा. केरळच्या अगस्त्य टेकड्यांत १९८७ साली पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना सोबतच्या काणी आदिवासी वाटाड्यांकडून ‘आरोग्यपच्चा’ ही थकवा घालवणारी वनस्पती कळली. त्यावरून तयार झालेल्या औषधाचा परवाना १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वशुल्कावर दिला गेला आणि त्यातला निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेला देण्याचे ठरले. लाभवाटपाचे ते जगातले आरंभीचे उदाहरण मानतात. तरीही वनस्पती राखीव जंगलातली असल्याने ती लावण्या-तोडण्याच्या परवानगीवरून वनविभागाशी पेच झाला. यातून घ्यायचे ते इतकेच की करार, वनविभागाची परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव पाहणीच्या आधी व्हायला हवा. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत (गडचिरोलीतल्या मेंढा-लेखापासून २००९ साली ही सुरुवात झाली) तिथे तर ग्रामसभाच निर्णय घेणारी आहे. वैदूची कृती, मात्रा, मिश्रण उघड्या वहीत उतरवू नये. उघड्या भागात वनस्पती आणि साधारण उपयोग, बंद भागात कृती, आणि तो भाग ग्रामसभेच्या ताब्यात.

हीच काळजी ठिकाणांची घ्यावी. नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचे मूळद्रव्य आहे. ते प्रथम १९६६ मध्ये एका चिनी झाडात आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर सह्याद्रीत लाकडासाठी अख्खी झाडे तोडली गेली. अशा झाडाचे जीपीएसचे आकडे इंटरनेटवरच्या वहीत टाकणे म्हणजे तोडणाऱ्याला वाट दाखवणे. जाहीर नोंदीत फक्त तालुका लिहावा.

शेवटी मोजणीचा उपयोग. झाडे जितकी महत्त्वाची तितकी रोपे. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागात बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळे) हे आदिवासी घरांचे नगदी उत्पन्न आहे. पण आठळी कडक होण्याआधी फळ उतरवायचे असल्याने त्या झाडाखाली त्या वर्षी बी पडत नाही. हेक्टरी मोठी झाडे भरपूर दिसली तरी ५ × ५ च्या चौरसांत रोपे शून्य असतील, तर पंधरा-वीस वर्षांनंतरची टंचाई आजच कळते. मग दर वाडीने काही झाडे बियांसाठी राखायची, असा ठराव आकड्यांच्या आधारावर करता येतो. साल काढणाऱ्या जातींत सोललेल्या झाडांची वेगळी नोंद करावी: खोडाला पूर्ण कडे पाडून साल काढली की पानांतून मुळांकडे जाणारे अन्न तुटते आणि झाड मरते, एका बाजूची उभी, अरुंद पट्टी काढली तर जखम भरते. कंदांसाठी खणण्याची वेळ लिहावी. मुसळीची पाने पिवळी पडून बी गळल्यावर खणले तर पुढच्या वर्षी काही उगवते, ऑगस्टमध्ये खणले तर नाही.

राज्य जैवविविधता मंडळाने नोंदवहीच्या तक्त्यात तीन रकाने सक्तीचे करावेत, अशी आमची मागणी आहे: नमुना क्रमांक व संग्रहालय, पाहणीचा महिना, आणि रोपे-पोरसवदा-मोठी झाडे अशी वेगळी संख्या. निधीचा पहिला हप्ता जूनपूर्वी गावाला मिळावा, म्हणजे जुलैची फेरी चुकणार नाही. आणि चौरसांच्या चारही कोपऱ्यांना दगड पुरून त्यांची नोंद ग्रामसभेकडे ठेवावी, म्हणजे पाच वर्षांनी तेच चौरस पुन्हा मोजता येतील.

आपले,
सह्याद्रीत वनस्पती-पाहणीचे काम करणारे काही अभ्यासक